सूर्याचे डाग आणि सागाची वलयं: डग्लस यांची वाट किनवटपर्यंत आणता येईल का?

गोदाकाठ (धागाकर्ता)

अँड्र्यू एलिकॉट डग्लस (१८६७–१९६२) हे नाव मंगळाच्या इतिहासात भेटतं आणि वनशास्त्रातही. माणूस एकच. १८९४ मध्ये पर्सिव्हल लोवेल यांची वेधशाळा ॲरिझोनात फ्लॅगस्टाफला उभी राहिली, ती जागा निवडण्यापासून डग्लस त्या कामात होते. लोवेल यांचा ठाम विश्वास असलेल्या मंगळावरच्या ‘कालव्यां’बद्दल डग्लस यांनी शंका घेतली आणि १९०१ मध्ये त्यांची नोकरी गेली. पुढे ते टुसॉनच्या विद्यापीठात आले, तिथली ३६ इंची दुर्बीण १९२३ मध्ये सुरू केली, आणि १९३७ मध्ये त्याच विद्यापीठात वृक्षवलयांची प्रयोगशाळा काढली.

हा माणूस झाडांकडे वळला तो सूर्यासाठी. सूर्यावरच्या डागांचं साधारण ११ वर्षांचं चक्र पृथ्वीच्या हवामानात उमटतं का, हे त्यांना बघायचं होतं. पावसाच्या मोजणीच्या नोंदी फार तोकड्या होत्या. त्यांचा विचार असा: सूर्य बदलला तर पाऊस बदलेल, कोरड्या मुलखात पाऊस बदलला तर झाडाचं त्या वर्षीचं वलय जाड किंवा बारीक होईल, म्हणजे झाड हीच शेकडो वर्षांची नोंदवही. १९०४ पासून त्यांनी फ्लॅगस्टाफच्या पाँडेरोसा पाइनचे ओंडके मोजायला घेतले. १९११ मध्ये प्रेस्कॉटच्या झाडांतही जाड-बारीक वलयांचा तोच क्रम दिसला. दोन गावांतली झाडं एकच पाऊस सांगत होती! या जुळवणीला क्रॉसडेटिंग म्हणतात. डग्लस यांचा खरा ठेवा तोच, असं माझं मत आहे. सूर्याचं चक्र त्यांना हवं तसं हाती लागलं नाही, पाऊस मात्र लागला.

आता आपल्याकडे. मराठवाड्यात वलयं वाचण्याजोगं जंगल म्हणजे मुख्यतः किनवट-माहूरचं सागवन. १९७२ च्या आधीचे दुष्काळ त्यात वाचता येतील का? जाणकारांनी नमुना घेण्यापासून सगळं लिहावं.

रानवाटा

झाड कोणतं, इथून सुरुवात करू, कारण निम्मी कामं इथेच फसतात. कडुनिंब, चिंच, वड ही आपली ओळखीची जुनी झाडं या कामाला निरुपयोगी. त्यांच्यात वर्षाचं वलय स्वच्छ सुटत नाही. बाभळीत रेषा दिसतात, पण वर्षाला एकच रेषा असेल याची खात्री नाही. साग वेगळा. माघ-फाल्गुनात पानं गाळतो, उन्हाळा उघडा काढतो, आणि नवी पालवी आली की आधी मोठ्या छिद्रांची, फिकट रंगाची पट्टी घालतो. नंतरचं लाकूड घट्ट आणि बारीक छिद्रांचं. ही मोठ्या छिद्रांची पट्टी म्हणजे वर्षाची सीमा.

शेतकऱ्याच्या पंचांगात सांगायचं तर मृगाच्या आगेमागे वलय सुरू होतं आणि हस्त संपल्यावर मंदावतं. सूर्य मृगात शिरतो ७-८ जूनच्या सुमारास, हस्तात २७ सप्टेंबरच्या सुमारास. मार्च ते मेमध्ये नमुना घेतला तर सालीलगतचं शेवटचं पूर्ण वलय मागच्या वर्षाचं. ऑगस्टमध्ये घेतला तर सालीलगत चालू वर्षाचं अर्धवट वलय असतं. नमुन्यावर तारीख नसेल तर इथेच एक वर्ष इकडचं तिकडे होतं.

जागा: नाल्याकाठचा, काळ्या खोल मातीतला दणकट साग टाळा. त्याला पाणी कधी कमी पडत नाही, त्यामुळे सगळी वलयं सारखीच जाड असतात आणि ती दुष्काळ सांगत नाहीत. मुरमाड बरडावरचा, उतारावरचा, हळू वाढलेला साग शोधा. डग्लस यांना फ्लॅगस्टाफ मानवलं ते याच कारणाने, तिथल्या पाइनची वाढ पाण्यावर अडलेली होती.

पैनगंगा_पार

वनखात्याच्या डेपोत सागाचे ओंडके कापलेले पडलेले असतात. बुंध्याची वलयं सरळ मोजली, तोडीचं वर्ष माहीत आहेच, मागे मागे गेलं की १९७२ सापडणार. इतकं अवघड का करायचं?

रानवाटा

@पैनगंगा_पार, मोजणं आणि तारीख लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साग चार ठिकाणी फसवतो.

पहिलं, खोटं वलय. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा मोठा खंड पडला की वाढ थांबते आणि पुन्हा पाऊस आला की परत सुरू होते. मध्येच एक रेषा पडते. ओळख: खऱ्या सीमेवर छिद्रं एकदम मोठी होतात, खोट्या रेषेवर दोन्ही बाजूंनी हळूहळू बदलतात. खोटी रेषा बहुतेक वेळा पूर्ण गोल फिरत नाही, कुठेतरी विरते.

दुसरं, हरवलेलं वलय. वाईट वर्षी किंवा दाबलेल्या झाडात बुंध्याच्या एका अंगाला वलय बनतच नाही. म्हणून एका झाडाचे दोन नमुने लागतात. ओंडक्याची चकती असेल तर दोन-तीन त्रिज्यांवर मोजायचं आणि दर दहावं वलय गोल फिरवून त्रिज्या एकमेकींना मिळतात का बघायचं.

तिसरं, कीड. सागावर दोन अळ्या येतात. एक पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळं पान मुख्य शिरांपर्यंत खाऊन टाकते, दुसरी मागाहून येते आणि पानाची जाळी ठेवते. पाऊस चांगला असूनही त्या वर्षी वलय बारीक राहतं.

चौथं, माणूस. विरळणी झाली, शेजारचं झाड तुटलं की उरलेल्या झाडाची वलयं पाच-सात वर्षं जाड येतात. तो प्रकाशाचा परिणाम, पावसाचा नव्हे. खुंटावरून फुटलेल्या फुटव्यांची सुरुवातीची वलयंही अशीच फुगीर असतात. पहिली काही वर्षं सोडून द्यावीत.

एका चकतीत या चारांपैकी काय झालं ते कळत नाही. वीस झाडं एकमेकांशेजारी ठेवली की कळतं.

डेपोच्या ओंडक्यांना माझा विरोध नाही, उलट जिवंत झाडाला भोक न पाडता पूर्ण चकती मिळते. पण ओंडका कोणत्या कंपार्टमेंटमधून (वनखात्याने पाडलेल्या जंगलाच्या तुकड्यातून) आला आणि जमिनीपासून किती उंचीवरचा तुकडा आहे, हे नोंदीतून काढा. वरच्या तुकड्यात वर्षं कमी भरतात.

कोअरपेटी

जिवंत झाडाचा नमुना घ्यायचा असेल तर क्रम असा.

आधी परवानगी. राखीव वनात वनखात्याची लेखी. पैनगंगा अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली संशोधनासाठीचा परवाना लागतो. खासगी शेतातला साग असेल तर मालकाला स्पष्ट सांगा: भोक झाड बाहेरून बुजवतं, पण आत वर-खाली डागाची रेघ राहते आणि इमारती लाकूड म्हणून भाव कमी येऊ शकतो. हे न सांगता भोक पाडणं चूक आहे.

बोअरर (हाताने फिरवून झाडात घालायची पोकळ नळी): ५.१५ मिमी जाडीचा कोअर, म्हणजे लाकडाची बारीक कांडी, देणारा, सागासारख्या कठीण लाकडाला दोन आट्यांचा. लांबी झाडाच्या व्यासाच्या निम्म्याहून थोडी जास्त. सागात सिलिका असते, टोकाची धार लवकर जाते. टोक बोथट झालं की कोअर स्क्रूसारखा पिळलेला निघतो किंवा त्याच्या चकत्या पडतात. रोजच्या कामानंतर नळी केरोसीनने पुसून तेलाचा हात द्यावा आणि धार भिंगाखाली बघावी.

उंची १.३७ मी. ठेवावी, आपल्याकडे वनमोजणीची छातीची उंची तीच. सागाचा बुंधा खाली पन्हाळीसारखा खोलगट असतो, तिथे वलयं वाकडीतिकडी जातात. पन्हाळ टाळून गोल भाग निवडा, लागलं तर थोडं वर जा आणि उंची लिहा. उतारावर उभ्या झाडाला उताराच्या दिशेने न भोसकता उताराला आडवं, समोरासमोर दोन्ही बाजूंनी घ्या.

टोकाला मधमाशीचं मेण लावा. सुरुवातीला दोन्ही हातांनी दाबून, नळी झाडाच्या मध्याकडे सरळ रोखून धरा, पहिल्या तीन-चार फेऱ्यांत डगमगली तर कोअर वाकडाच येणार. फिरवताना जोर एकदम कमी लागायला लागला तर आत पोकळी किंवा कुज आहे. तिथेच थांबा, पुढे गेलात तर आट्यांना धरायला लाकूड राहत नाही आणि बोअरर अडकतो. मध्यापर्यंत गेलं की चमचा (कोअर बाहेर ओढायची लांब पट्टी) नळीत सारा, अर्धी फेरी उलट फिरवा म्हणजे कोअर तुटतो, मग ओढा. बोअरर लगेच काढा. जेवायला जाताना झाडात सोडला की काढताना नाकी नऊ येतात.

कोअर कागदी स्ट्रॉमध्ये घाला. बाहेर ठिकाण, झाड क्रमांक, बाजू, तारीख. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉला टाचणीने भोकं पाडा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते.

सुतारकाम

पुढचा भाग हाताच्या कामाचा आहे आणि बहुतेकांचं वाचन इथेच बिघडतं.

कोअर सावलीत दोन-तीन दिवस सुकवा. ओलाच चिकटवला तर आकसून तडकतो, आणि तडा वलयाच्या सीमेसारखा दिसतो. लाकडी पट्टीत ५ मिमीची खाच मारा आणि फेव्हिकॉल लावून कोअर बसवा. बसवताना तंतू उभे हवेत, म्हणजे वरून बघताना छिद्रांची तोंडं दिसली पाहिजेत. कोअरच्या दोन कडा चमकतात आणि दोन मळकट दिसतात. चमकणाऱ्या कडा डावी-उजवीकडे ठेवा. आडवा बसला तर कितीही घासा, वलय दिसणार नाही. दोऱ्याने गुंडाळून रात्रभर ठेवा. पिळलेला कोअर वाफेवर धरून हळूहळू उलट पिळला की सरळ होतो.

घासायला पॉलिश पेपर १०० नंबरपासून: १००, १५०, २२०, ३२०, ४००, शेवटी ६००. प्रत्येक नंबरवर आधीच्या नंबरचे ओरखडे जाईपर्यंत थांबायचं. साग तेलकट, पेपर लगेच गच्च होतो. जोर वाढवू नका, पेपर बदला, नाहीतर लाकूड तापून काळपट चकाकी येते आणि सीमा पुसट होते. छिद्रांत भुसा बसतो तो हवेच्या झोताने उडवा. मग पांढऱ्या खडूची पूड बोटाने चोळा, छिद्रं पांढरी उठून दिसतात आणि मोठ्या छिद्रांची पट्टी सहज ओळखू येते.

स्कॅन करायचा असेल तर किमान १२०० डीपीआय, वलयं फार बारीक असतील तर २४००. तरीही शंकेच्या प्रत्येक जागी लाकूड सूक्ष्मदर्शकाखाली धरा. स्कॅनवर खोटं वलय ओळखणं कठीण जातं.

पैनगंगा_पार

पटलं. मग वीस झाडं एकमेकांशी जुळवायची कशी? आलेखाच्या कागदावर की थेट संगणकावर?

गोदाकाठ

आधी कागद. डग्लस यांचीच रीत, सांगाडा-आलेख. आलेखाच्या कागदाची पट्टी घ्या, दर २ मिमीच्या रेषेला एक वर्ष. वलय शेजारच्या वलयांपेक्षा जितकं बारीक तितकी रेघ उंच, फारच बारीक असेल तर दहा घरं. साधारण असेल तर काहीच नाही. खूप जाड असेल तर खाली एक खूण. मग दोन झाडांच्या पट्ट्या एकीवर एक सरकवायच्या. उंच रेघा एका जागी बसल्या आणि मग काही वर्षांनी सगळ्याच एका घराने सरकल्या, तर त्या दोन जागांच्या मध्ये कुठेतरी वलय हरवलंय किंवा जास्तीचं मोजलंय. तेवढाच तुकडा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली. कोअरवर खुणा पेन्सिलीने: दशकाला एक टिंब, पन्नासाला दोन, शतकाला तीन.

एक ताकीद. १९७२, २०१४, २०१५, २०१८ ही आपली दुष्काळी वर्षं पाठ असतात, म्हणून बारीक वलय दिसलं की हात आपोआप १९७२ लिहितो. असं केलंत तर झाड तुम्हाला काहीच सांगत नाही, तुम्हीच झाडाला सांगता. जुळवणी झाडाची झाडाशी पूर्ण करा, पावसाची नोंद शेवटी उघडा.

आकडेमोड

कागदानंतर संगणक: वलयांची जुळवणी तपासणारा कोफेका हा प्रोग्राम किंवा ‘आर’ या संख्याशास्त्राच्या प्रणालीतलं डीपीएलआर पॅकेज. दोन्ही फुकट. कोफेका मूळात ५० वर्षांचे तुकडे २५ वर्षांनी सरकवत तपासतं आणि ०.३२८१ च्या खालचा सहसंबंध शंकेचा म्हणून दाखवतं. किनवटचा साग ६०-८० वर्षांचाच असेल तर ३० वर्षांचा तुकडा ठेवा, पण मग उंबरठा ०.४२२६ होतो. तुकडा लहान केला की योगायोगाने जुळण्याची शक्यता वाढते, म्हणून. आणि यंत्राने ‘एक वर्ष सरकवा’ म्हटलं म्हणून सरकवू नका. लाकडात कारण सापडलं तरच.

वयानुसार वलयं आपोआप बारीक होत जातात, तो कल काढून टाकायचा. त्यासाठी मालिकेवर बसवायची गुळगुळीत वक्ररेषा, म्हणजे स्प्लाइन, फार लवचीक ठेवली तर सलग दुष्काळाची वर्षंही कलासोबत निघून जातात. मालिकेच्या ६७ टक्के लांबीची स्प्लाइन हा साधारण रुळलेला पर्याय. मालिका किती मागेपर्यंत भरवशाची हे ईपीएसवरून (सगळी झाडं मिळून किती एकसारखं सांगतात ते मोजणारा आकडा) ठरवतात, ०.८५ हा प्रचलित उंबरठा. जुनी झाडं कमी होत गेली की तो घसरतो, तिथे थांबा.

पाऊस कोणता घ्यायचा? पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची मराठवाडा उपविभागाची मासिक मालिका १८७१ पासूनची आहे. पण किनवट-माहूर विदर्भ आणि तेलंगणाच्या सीमेवर, तिथला पाऊस बीड-लातूरसारखा नाही. त्यामुळे हवामानखात्याची १९०१ पासूनची ०.२५ अंशाच्या जाळीची दैनिक मालिका जास्त योग्य. वर्षाच्या बेरजेशी थांबू नका, महिनावार बघा, मागच्या वर्षीचा परतीचा पाऊसही घ्या. मध्य भारतातल्या सागाच्या अभ्यासांत मुळाशी असलेला ओलावा महत्त्वाचा ठरला आहे. एका रात्रीत १५० मिमी पडून वाहून गेलं तर बेरीज फुगते, वलय नाही.

सागरवेळ

सागावर हे काम जुनं आहे हेही लिहायला हवं. जावा बेटावर बर्लागे यांनी १९३१ मध्येच १५१४ ते १९२९ ची सागाची मालिका दिली होती. पुण्याच्याच संस्थेने केरळच्या सागातून ५२३ वर्षांची मालिका २०१० मध्ये छापली, त्यात एल निनोच्या वर्षांचे दुष्काळ उमटलेले आहेत. म्हणजे साग हे करू शकतो. किनवटला अडचण आहे ती जुन्या झाडांची.

नभोमंडप

धाग्याच्या नावातला सूर्य राहिला. डग्लस यांनी ११ वर्षांचं चक्र शोधायला सायक्लोग्राफ नावाचं प्रकाशीय यंत्रही बनवलं. तरी संबंध ठाम का झाला नाही? सूर्याची एकूण ऊर्जा चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट, आणि डागांच्या चक्रात ती बदलते फक्त ०.१ टक्क्याच्या आसपास. मान्सूनच्या स्वतःच्या चढउतारापुढे हे फार लहान.

आपलीच वर्षं तपासा. १९७२ चा दुष्काळ डाग उतरणीला लागलेले असताना (शिखर १९६८, तळ १९७६). २०१४ चा नेमका शिखरावर. २०१८ चा तळाजवळ, तळ डिसेंबर २०१९. एका टप्प्याशी बांधता येत नाहीत.

फसवा धोका गणिताचा आहे. पाच वर्षांची सरकती सरासरी काढली की निव्वळ यादृच्छिक आकड्यांतही लाटा दिसतात. शिवाय सागाचं वलय मागच्या वर्षीच्या साठ्यावर थोडं अवलंबून असतं, त्यानेही लांब लाटा तयार होतात. म्हणून चक्र सापडलं म्हणायचं तर तुलना पांढऱ्या गोंगाटाशी (एकमेकांशी संबंध नसलेल्या निव्वळ यादृच्छिक आकड्यांशी) करून चालत नाही, मागच्या वर्षाची आठवण असलेल्या लाल गोंगाटाशी करायची. आणि ७० वर्षांच्या मालिकेत ११ वर्षांची चक्रं सहाच बसतात. सहावरून ठाम बोलू नये.

तरीही डग्लस यांचा मूळ प्रश्न वाया गेला नाही. १९२२ मध्ये सूर्यावरच्या डागांचे अभ्यासक माँडर यांनी त्यांना कळवलं की १६४५ ते १७१५ मध्ये सूर्यावर डाग जवळजवळ नव्हते, आणि डग्लस यांच्या झाडांत त्याच काळात चक्र विस्कटलेलं होतं. त्या काळाचा भक्कम पुरावा झाडांनीच दिला, पण वलयाच्या जाडीने नव्हे, वलयातल्या कार्बन-१४ ने. वैश्विक किरण वातावरणात न्यूट्रॉन उडवतात, ते नायट्रोजनवर आदळून कार्बन-१४ बनतो. सूर्य जोरात असला की त्याचं चुंबकीय क्षेत्र हे किरण अडवतं, मंद असला की कार्बन-१४ वाढतो. २०१२ मध्ये फुसा मियाके आणि सहकाऱ्यांनी जपानी सीडरमध्ये इ.स. ७७४-७७५ या एकाच वर्षात कार्बन-१४ सुमारे १.२ टक्क्याने उसळल्याचं दाखवलं. सूर्याचा प्रचंड कणझोत हे त्याचं सर्वांत मान्य कारण. एकेका वर्षाचं वलय अचूक तारखेचं नसतं तर ही उसळी दिसलीच नसती.

कोअरपेटी

@नभोमंडप, किनवटला ७७४ चा साग नाही, पण कार्बन-१४ चा उपयोग आहे. अणुचाचण्यांमुळे उत्तर गोलार्धातल्या हवेतला कार्बन-१४ १९६४ च्या सुमारास जवळपास दुप्पट झाला आणि मग उतरत गेला. तुमच्या मोजणीने १९५८, १९६४, १९७२ ठरलेली तीन वलयं वेगळी काढून तपासली तर वलयं खरोखर वर्षाला एक आहेत का ते थेट कळतं. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात ही मोजणी होते. आधी लाकडातला शुद्ध सेल्युलोज काढून घ्यावा लागतो, कारण सागाच्या गाभ्यातली तेलं-राळ नंतरच्या वर्षांत आत सरकलेली असतात आणि तारीख बिघडवतात.

यापेक्षा स्वस्त तपासणी: लागवडीचं वर्ष नोंदवहीत असलेलं रोपवन. पाच झाडांच्या चकत्या अगदी जमिनीलगत घ्या, वलयं मोजा, वर्षाशी ताडून बघा. सुरुवात इथूनच करावी.

माळवद

जुनी झाडं नसतील तर जुनं लाकूड आहे. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांच्या आणि माळवदांच्या तुळया, खांब, सर सागाचे आहेत, आणि पाडकामात ते वखारीत येतात. डग्लस यांनी हेच केलं. अमेरिकेतल्या चाको खोऱ्यातल्या ओसाड वस्त्यांच्या तुळयांतून त्यांची ५८५ वर्षांची मालिका तयार होती, पण ती जिवंत झाडांच्या मालिकेला जोडली जात नव्हती. २२ जून १९२९ ला ॲरिझोनातल्या शो लो गावात एचएच-३९ नावाची जळकी तुळई मिळाली, १२३७ ते १३८० ची, आणि दोन्ही मालिका जुळल्या. मुळात मध्ये मोकळी जागा नव्हतीच. १२७६ ते १२९९ च्या मोठ्या दुष्काळात वलयं इतकी बारीक झाली होती की जोड ओळखू येत नव्हता. दुष्काळाच्या मुलखात काम करणाऱ्याने हे विसरू नये: जिथे माहिती सर्वांत मोलाची, तिथेच वाचन सर्वांत अवघड.

पैनगंगा_पार

तुळईवरून वाडा बांधल्याचं वर्ष निघेल?

माळवद

क्वचित. सुतार बाहेरचं पांढरं लाकूड तासून टाकतो, कारण वाळवी आधी ते खाते. शेवटची किती वलयं गेली ते कळत नाही, म्हणून ‘या वर्षानंतर तोडलेलं’ एवढंच लिहिता येतं. तुळईच्या चारही कडा बघा. एखाद्या कडेला तासणी न पोचल्यामुळे सालीखालचा गोल भाग आणि पांढरं लाकूड राहिलेलं असतं, नमुना तिथूनच घ्या. काप भिंतीत घुसलेल्या टोकाकडून ५ सेंमी जाडीचा, तडे आणि खुंट्यांची भोकं टाळून. ५० पेक्षा कमी वलयांच्या तुकड्याची जुळवणी भरवशाची नाही, ते ठेवून द्या. वापरलेलं लाकूड पुन्हा वापरण्याची आपल्याकडे रीत आहे, म्हणून एका खणातल्या निदान चार-पाच तुळया जुळून एकाच काळाच्या निघाल्या तरच इमारतीबद्दल बोला. आणि लाकूड कुठून आलं ते विचारा. वखारीत ब्रह्मदेशी सागही असायचा. तो किनवटच्या मालिकेशी जुळणार नाही, आणि दोष मोजणीचा आहे असं समजून लोक वलयं सरकवत बसतात.